‘सॉरी’चा अकरावा अर्थ

मोठ्या बाईंची पणजी सुईण होती. आदल्या दिवशी “एकच आहे” असे सांगून दुसऱ्या दिवशी जुळी हातात आली, तरी तिने आपले म्हणणे मागे घेतले नाही. आजी शिवणकाम करी. सदरा आखूड झालाच, तर गिऱ्हाइकाचे हात लांब असल्याचे ती ठणकावून सांगे. आई ग्रंथपाल, तिच्या हातून जे पुस्तक गहाळ झाले ते मुळात छापलेच गेले नव्हते! अशा घराण्यातल्या मोठ्या बाईंनी एकतीस वर्षे मुख्याध्यापिकेची खुर्ची भूषवली आणि एकदाही कोणाची माफी मागितली नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. कोश सुरळीत चालला आणि ‘सॉरी’पाशी आला.

“दोन दिवसांत हातावेगळा करते!” त्यांनी सुनेला सांगितले. “एवढ्याशा शब्दात आहे काय?”

त्यांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक अर्थाला एक कार्ड, प्रत्येक कार्डावर एक उदाहरण. कागदाची नासाडी त्यांना खपत नसे. जुन्या शिक्षकांच्या स्नेहमेळाव्यासाठी सुनेने पत्ते घालून ठेवलेली अकरा पोस्टकार्डे मेळावा रद्द झाल्यामुळे पडून होती. बाईंनी त्यांच्याच कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले. खेद, दिलगिरी, क्षमा, सांत्वन, नकार... दहा अर्थ झरझर उतरले. ‘पश्चात्ताप’ मात्र काही केल्या उतरेना.

उरलेले कार्ड धाकट्या बहिणीच्या पत्त्याचे होते. तीही त्याच शाळेत शिकवी. बावीस वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिकांचे पाकीट हरवले, तेव्हा बाईंनी भर शिक्षक-खोलीत, दहा सहकाऱ्यांदेखत, ओरडून तिच्यावर ठपका ठेवला होता. तिने राजीनामा दिला आणि या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडला नाही. पाकीट पुढे बाईंच्याच कपाटामागे सापडले. त्याविषयी त्या कोणाशी चकार शब्द बोलल्या नाहीत. आता दोघींची सत्तरी उलटली होती; आणखी किती वर्षे हाताशी आहेत, हे बाई मनातल्या मनात जाणून होत्या.

चौथ्या दिवशी त्यांनी एका दमात लिहिले: ‘चुकले मी. इतकी वर्षे बोलले नाही, याचा पश्चात्ताप होतो.’ वाचून पाहिले. शुद्धलेखन निर्दोष होते. कार्डांची चळत टेबलाच्या डाव्या कडेला ठेवून त्या आंघोळीला गेल्या.

डाव्या कडेला असेल ते विनाविलंब टपालात पडले पाहिजे, हा त्या घराचा नियम होता. नवी असताना सुनेने एकदा “हे टाकू का?” असे विचारले होते; त्याचे उत्तर पाऊण तास चालले होते.

“कार्डे कुठे आहेत?” बाईंनी बाहेर येऊन विचारले.

“टाकली की, आई.”

“अगं, वाचून तरी पाहायचीस!”

“दुसऱ्याची पत्रे वाचायची नाहीत, हाही तुमचाच नियम.”

बाई अनवाणी टपालपेटीपर्यंत गेल्या. पेटी नुकतीच रिकामी झाली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी कवायतीचे सर दारात उभे! “बाई, ‘तुमच्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’... पण आमच्याकडे गेलंय कोण? दोन्ही मुलं रजा टाकून आलीत. मी जिवंत आहे म्हटलं, तरी धाकटा रडायचा थांबेना!”

पाठोपाठ गणिताच्या बाई आल्या. “‘आपण पुन्हा नापास झालात, याचा खेद वाटतो.’ चौऱ्याहत्तराव्या वर्षी? आणि कुठल्या विषयात?”

चित्रकलेच्या सरांचा अर्ज नामंजूर झाला होता. “मी अर्ज केलाच कधी? पण नामंजूर का केला, तेवढं सांगा!”

दुपारपर्यंत दहाही जण बैठकीत जमले. बाई प्रत्येकाला करारी आवाजात एकच सांगत होत्या, “ते कोशाचे काम आहे. केवळ उदाहरण!”

इतक्यात दारात धाकटी बहीण दिसली. हातात कार्ड, पाय उंबरठ्याच्या बाहेर.

“ताई, वर कोपऱ्यात ‘अर्थ अकरावा, उदा.’ असं लिहिलंयस. नुसतं उदाहरणच असेल तर तसं सांग. खाली गाडी थांबवून ठेवलीय.”

“उदाहरण आहे,” सवयीने बाईंच्या तोंडून निघून गेले.

बहीण वळली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

“थांब! उदाहरण आहे, पण खरं आहे!” बाई कशाबशा उठून दारापर्यंत आल्या. “पाकीट माझ्याच कपाटामागे होतं. तुझा काडीचाही दोष नव्हता. चुकले मी.”

“हे हळू म्हणालीस. त्या दिवशी ओरडली होतीस.”

बाईंनी पदर सावरला, मान ताठ केली आणि प्रार्थनेच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जावे अशा आवाजात सारे पुन्हा सांगितले. पाकीट, कपाट, दोष, सगळे. कवायतीचे सर सवयीने सावधान उभे राहिले.

बहीण वर आली. उंबरठा ओलांडून आत आली आणि बैठकीतली माणसे बोटाने एकेक करून मोजू लागली.

“त्या दिवशीचे दहाही आहेत,” ती म्हणाली. “फिटलं, ताई.”