ब्लूटूथची डुलकी

“वायर? सांडूमामा, आता आवाज हवेतून जातो!”

विशाखानं हे इतक्या ठसक्यात सांगितलं की स्पीकरवाला सांडू खांद्यावरचं वायरीचं भेंडोळं घेऊन आल्या पावली परत फिरला. बिचारा फुकट लावून देणार होता!

कार्यक्रम साधा होता. हर्सूलच्या विहारात वाचनालय काढणाऱ्या धोंडिबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. रविवारी त्यांचा स्मृतिदिन. आधी वंदना, मग दोन मिनिटं स्तब्धता, आणि मग खुद्द धोंडिबांचं भाषण! विशाखाला त्यांची एक जुनी कॅसेट सापडली होती. ती तिनं लॅपटॉपवर उतरवली, खरखर काढली, सुरुवातीचं ‘हॅलो, हॅलो’ कापलं. एमएस्सी फिजिक्स झालेली मुलगी, अर्धवट काही ठेवेल होय!

धोंडिबांची बायको साळूबाई रोज दारात येऊन विचारायची, “पोरी, बोलतील ना गं?”

“बोलतील, आजी. सगळं ऑटोमॅटिक आहे!”

कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे विशाखाचे वडील सर्जेराव, शेजारीच उभे होते. त्यांनी हे वाक्य नीट ऐकून ठेवलं. घात तिथंच झाला.

शुक्रवारी तालीम घेतली. वंदना खणखणीत वाजली. दोन मिनिटं थांबून विशाखानं भाषण लावलं, तर तिचा बिनवायरचा ब्लूटूथ स्पीकर मुका! तिनं ब्लूटूथची खिडकी उघडली. सगळं जोडलेलं. भाषण लावलं, वाजलं. पुन्हा दोन मिनिटं थांबली. पुन्हा मुका. पुन्हा खिडकी उघडली. पुन्हा वाजलं!

“मी बघितलं की चालतं, नाही बघितलं की बंद पडतं!” ती करवादली.

चिकलठाण्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेले सर्जेराव म्हणाले, “आमच्या खात्यात असे धा जण होते. साहेब आला की उभे.”

विशाखा चमकली. पप्पा गमतीनं म्हणाले, पण निदान अचूक होतं! तिनं लॅपटॉपवरच्या लिनक्स प्रणालीच्या नोंदी उपसल्या. लॅपटॉपला खोचलेला नखाएवढा ब्लूटूथ अडॅप्टर दोन सेकंद रिकामा बसला की वीज वाचवायला मशीन त्याला झोपवत होतं, आणि हा पठ्ठ्या हाक मारली तरी उठत नव्हता. खिडकी उघडली की मात्र डोळे चोळत हजर! तिनं त्या सेटिंगमधलं ‘ऑटो’ काढून ‘ऑन’ केलं. चाललं. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर मशीननं गुपचूप पुन्हा ‘ऑटो’ करून ठेवलेलं! मग तिनं कायमचा नियमच लिहिला: या अडॅप्टरनं झोपायचं नाही. शनिवारी दोन-दोन मिनिटांच्या शांततेच्या वीस चाचण्या घेतल्या. वीसच्या वीस पास!

रविवारी विहार भरला. वंदना झाली. सर्जेराव गंभीरपणे म्हणाले, “दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया.” आणि त्यांनी डोळे मिटले.

दोन मिनिटं झाली. विशाखा बटणावर बोट ठेवून पप्पांकडं बघत होती. ते ‘बसा’ म्हणाले की भाषण लावायचं. तिकडं सर्जेराव डोळे मिटून भाषणाची वाट बघत होते. ऑटोमॅटिक आहे ना! ते सुरू झालं की बसायचं.

तीन मिनिटं. कुणीतरी खोकलं. चार मिनिटं. म्हाताऱ्यांचे गुडघे करकरू लागले. शांतता मोडायची कुणी? पहिल्या ओळीत साळूबाई हात जोडून उभी होती, नजर स्पीकरवर. पाच मिनिटं झाली, आणि त्या गाढ शांततेत स्पीकरमधली बाई ठणठणीत आवाजात म्हणाली,

“पॉवर ऑफ!”

सगळा विहार खाली बसला! हुकूम समजूनच!

अडॅप्टर टक्क जागा होता. झोपला होता स्पीकर! पाच मिनिटं आवाज नाही आला, तर त्याचीही स्वतःची वीज-बचत होती. विशाखानं त्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, गदागदा हलवलं. ढिम्म!

“पोरी, बोलत नाय का गं ते?” साळूबाईनं विचारलं.

एवढ्यात सांडू मागून पुढं आला. खांद्यावर भेंडोळं, डोक्यावर स्पीकरचं खोकं. “दारातच ठेवलं व्हतं, ताई. म्हणलं, हवा पडली तर?”

त्यानं वायर लॅपटॉपच्या भोकात खुपसली. विशाखानं घाईघाईत जी पहिली दिसली ती फाईल लावली. नेमकी न कापलेली! खरखर झाली, आणि धोंडिबा कडाडले, “हॅलो, हॅलो! मागं ऐकू येतंय का रं, सांडू?”

“येतंय, बाबा!” सांडू नकळत ओरडला.

मग साळूबाईनं पदरानं डोळे टिपले आणि फणकारली, “आठ वर्सांनी तोंड उघडलं माणसानं, अन् पहिलं नाव सांडूचं!”

सगळे हसले. विशाखाही हसायला गेली, तर आवाज तुटला. पिन ढिली होती! तिनं ती बोटानं दाबून धरली आणि आवाज परत आला. भाषण चाळीस मिनिटांचं होतं. ती तशीच वाकून उभी राहिली. पाठीची कमान झाली, बोटाला मुंग्या आल्या.

विसाव्या मिनिटाला सांडू तिच्या कानाशी वाकला. “ताई, आता तेवढं तुम्ही झोपू नका.”