अनवाणी आणि रागानं

मी चिडका नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यवतमाळात माझ्याबद्दल भलतंच बोललं जातं. गॅसवाल्यानं बेल न वाजवता परत जावं, साहेबांनी हरवलेली फाइल मी शोधावी, शेजाऱ्यानं स्कूटी माझ्याच फाटकाला टेकवावी, आणि मी गप्प बसावं? कायले? मागे एकदा त्या स्कूटीवरून मी जरा आवाज चढवला, तर तो म्हणे चौकातल्या पानठेल्यापर्यंत गेला. (पानठेलेवाला एक नंबरचा फेकू आहे.)

त्याच दिवशी आमच्या मंडळींनी, म्हणजे रत्नप्रभानं, बॅग काढून पलंगावर ठेवली.

"अजून एकदा भडकले तं मी चालली बोरी अरबले. अन् घ्यायले येऊ नका."

बोरी अरब हे तिचं माहेर. ती बोलते ते करते. आणि ती गेली तर मला माझं बनियनसुद्धा सापडत नाही, म्हणून मी हादरलो. पुण्याहून आमच्या लेकीनं, गौरीनं, फोनवर उपाय सुचवला: निसर्गात सजगपणे चालायचं. त्याचं एक अ‍ॅप आहे. (चालायला अ‍ॅप! उद्या शिंकायला काढतील.)

दुसऱ्या दिवशी पहाटे बाभुळगाव रोडला स्कूटर लावली, कानात वायर खुपसली आणि एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उतरलो. कानात एक बाई मधासारख्या आवाजात सांगत होती की चपला काढा, डोळे अर्धे मिटा, एकेक पाऊल जाणिवेनं टाका, बोलू नका, जे समोर येईल ते हसून स्वीकारा. मी स्वीकारत गेलो. आधी चिखल स्वीकारला, मग शेण.

मग समोर एक म्हातारा आला. वावराचा मालक, मारोतराव. त्याची बोअर आटलेली, नवीन कुठे मारावी या घोरात तो होता. त्यानं माझे अनवाणी पाय, अर्धे डोळे आणि मुंगीची चाल बराच वेळ पाहिली आणि हळूच विचारलं, "सायेब, पायाळू हाय काय तुमी?"

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असं आमच्याकडे मानतात. मी डोक्याकडूनच जन्मलो आहे. पण बोलायची बंदी आणि हसून स्वीकारायचा हुकूम! मी हसून मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर अर्धं गाव बसलेलं. वच्छलाबाईंनी, मारोतरावांच्या घरच्यांनी, माझ्या पायांना हळदकुंकू लावलं. मी चालू लागलो, मागे सगळी वरात. कानातली बाई म्हणते, "आता इथे फक्त तुम्ही आहात आणि शांतता." मागे कोणीतरी तंबाखू मळत दुसऱ्याला माझी कमाल समजावत होतं. मी दात आवळून श्वास सोडला आणि त्याच क्षणी टाचेत गोखरूचा काटा घुसला.

त्यानंतर मी जे बोललो ते छापता येणार नाही. त्या बाईचा, अ‍ॅपचा, निसर्गाचा, मारोतरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, फोन तुरीत भिरकावला आणि चांगल्या पायानं जमिनीवर अशी लाथ मारली की तोही पाय कामातून गेला. लोक हात जोडून उभे. मारोतरावांनी लाथेच्या जागी दगड ठेवला आणि नारळ फोडला.

तिथे बोअर मारली आणि पाणी लागलं. (शेजारून नाला वाहतो, कुठेही लागलं असतं. पण ऐकतं कोण?)

बातमी घरी माझ्याआधी पोचली. मी बॅगेकडे बघतच आत शिरलो. आता ही जाणार. पण रत्नप्रभानं चक्क पोहे पुढे ठेवले. तिच्या भावाला, श्रीकृष्णाला, बोरी अरबच्या वावरात बोअर मारायची होती.

"रविवारी जाऊ," ती म्हणाली. "अन् हे पाहा, ध्यानबिन करून येऊ नका. रागातच चला."

रविवारी सासुरवाडी जमली. बोअरची गाडीही येऊन उभी. मी अनवाणी चालू लागलो आणि मंडळी मला चिडवायला लागली. चहात मीठ घातलं. श्रीकृष्णानं माझं न झालेलं प्रमोशन काढलं. रत्नप्रभानं माझ्या आईचा स्वयंपाक काढला. आणि काय सांगू, वारा सुटला होता, कपाशीवर दव होतं, ओल्या मातीनं पाय गार झाले होते. जन्मात पहिल्यांदा मला राग येईना! मेल्या अ‍ॅपनं आजच गुण द्यावा? मी खूप प्रयत्न केला. साहेबांचं तोंड आठवलं, तर त्यांचीही दया आली. शेवटी मी बांधावर बसलो आणि हसलो.

बोअरची गाडी कंटाळून निघून गेली.

"जिंदगीभर बिनकामाचे भडकले," रत्नप्रभा कडाडली, "अन् माह्या भावाच्या वावरात हसू येऊन राह्यलं तुमाले? जा तुमी एकटेच. मी नाही येत."

म्हणजे बायको माहेरी राहिली, आणि का, तर नवरा चिडत नाही म्हणून!

परतीच्या एसटीत कंडक्टर फक्त एवढंच म्हणाला की काका, पाय आत घ्या. बस्स. रविवारभर तुंबलेलं सगळं तिथं बाहेर पडलं. मी दारव्हा रोड डोक्यावर घेतला आणि बसचा पत्रा दणाणेल अशी लाथ मारली. कंडक्टरनं सगळं ऐकून घेतलं, तिकीट हातात दिलं आणि मायेनं म्हणाला, "काका, सकाळी जराशे वावरात अनवाणी फिरत जा. डोकं शांत राह्यते."