फाटकाबाहेरचं भरीत

भरीत आपण स्वतः करायचं, असं पितांबरभाऊंनी ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं. तसा निर्णय साधा होता. पाचोऱ्याच्या एका सरकारी कचेरीत बसून त्यांनी याहून कितीतरी मोठे निर्णय आजवर वरच्या साहेबांकडे पाठवून दिले होते. पण हा वर पाठवायची सोय नव्हती. घरातल्या वरच्या साहेब म्हणजे त्यांच्या पत्नी रूपाबाई, आणि रूपाबाईंना काहीही विचारायचं नाही असं ते कबूल करून बसले होते.

त्या कबुलीमागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. पितांबरभाऊंच्या आई, वच्छलाबाई, ऐन पावसाळ्यात गेल्या. शेवटची काही वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्रीबेरात्री कूस बदलून देणं, सगळं रूपाबाईंनी केलं. (पितांबरभाऊ दारात उभे राहून "काही पाहिजे का" असं विचारत. तेवढं तेही मनापासून करत.) म्हातारी गेली तेव्हा सगळ्यांत जास्त रूपाबाईच रडल्या आणि त्यानंतर त्या गप्प झाल्या. चिडल्या नाहीत, आजारी पडल्या नाहीत. चहा वेळेवर मिळत होता, भाकरी फुगलेली असायची. पण पूर्वी त्या हसायच्या; तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, आवाज न करता. ते हसू घरातून नाहीसं झालं.

पितांबरभाऊंना ते लवकर कळलंच नाही. कळलं तेव्हा ते घाबरले. घाबरले की ते बोलतात. त्यामुळे घरात रूपाबाईंचं बोलणं जितकं कमी झालं तितकं यांचं वाढलं. टॉवेल कुठे आहे, भाजी काय आहे, दूध आलं का, आज गप्प का, कालही गप्प का होतीस, असं दिवसभर चाललेलं असे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आजार काही नाही, त्यांना जरा कुठं बाहेर न्या.

मुलगी पुनम पुण्याला नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आईला जंगलात घेऊन जा. देऊळ नको, हॉटेल नको." रूपाबाईंचं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या कुशीतलं. लहानपणी त्या वडिलांच्या मागे रानात हिंडायच्या, हे पितांबरभाऊंना लग्नाच्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते आजवर कौतुकानं विसरून टाकलं होतं. पुनमनंच सगळं ठरवलं. सातपुड्यातल्या अभयारण्यात सकाळची पायी फेरी, सोबत वनातला गाइड, माणसं मोजकी.

पितांबरभाऊंनी भीत भीत विषय काढला. "पुनमनी माय, जंगलमा जाऊत का?"

रूपाबाईंनी हातातलं सुपडं खाली ठेवलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "जाऊत," त्या म्हणाल्या. "पन त्या दिन माले कोनी काही इचारानं नही. काही मांगानं नही."

पितांबरभाऊंनी देवाची शपथ घेतल्यासारखी मान हलवली. आणि मनाशी ठाम ठरवलं की ही अट आपण जन्मात कुणी पाळली नसेल अशी पाळायची.

आता हिवाळ्याच्या दिवसांत खानदेशातला माणूस घराबाहेर पडणार आणि भरीत नेणार नाही, हे कसं शक्य आहे? शेजारचे उखर्डूनाना कुंपणावरून म्हणालेच, "पितांबर, भरीतबिगर जंगलमा जाईसन काय करशी? झाडे मोजशी?" पितांबरभाऊंना ते तंतोतंत पटलं. आणि बायकोला काही सांगायचं नाही म्हटल्यावर भरीत कोणी करायचं, हेही ओघानंच आलं.

पुनमनं फोनवर नियम पाठवले होते. पितांबरभाऊंनी ते 'पाण्याची बाटली सोबत असावी' इथपर्यंत वाचले. कचेरीत दिवसभर लोकांना नियम वाचून दाखवणाऱ्या माणसानं सुटीच्या दिवशी आणखी किती वाचावं?

निघायच्या दिवशी ते अंधारातच उठले. बामणोदची हिरवीगार वांगी खास मागवून ठेवली होती. मागच्या अंगणात तुरीच्या काड्यांचा जाळ केला. थंडी मी म्हणत होती, म्हणून पुनमनं फेरीसाठी मुद्दाम पाठवलेलं नवं जाकीट त्यांनी अंगावर चढवलं आणि जाळाजवळ अगदी खेटून बसले. वांगी भाजली गेली. जाकीटही चांगलं धुरावलं. मग स्वयंपाकघरात येऊन त्यांनी चष्मा नेहमीसारखा ओट्याच्या कडेच्या बरणीवर ठेवला, वांगी सोलली, लाकडी बडगीत ती मिरची-लसणासोबत ठेचली, कांद्याची पात घातली, शेंगदाणे घातले, तेल घातलं. आणि मीठ घालायला हात पुढे केला, तर मीठ कुठे असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी फडताळ उघडलं. हळदीचा डबा सापडला, साबुदाणा सापडला, हरवलेला एक सांडशी-चिमटा सापडला. मीठ नाही. रूपाबाई आतल्या खोलीत केस विंचरत होत्या. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. हाक पार ओठांपर्यंत आली होती. पण शब्द दिला होता. पितांबरभाऊंनी हाक गिळली, वाटेत कुठंतरी मिठाची पुडी घेऊ असं ठरवलं आणि पातेल्यावर झाकण ठेवून ते फडक्यात बांधलं. (आपण बायकोसाठी काय सोसतो, हे तिला कधीच कळणार नाही, असंही त्यांना वाटून गेलं.)

खाजाभाईंची गाडी सांगितली होती. खाजाभाई बोलके आणि पितांबरभाऊ तर आहेतच. गाडी जळगावच्या पुढे गेली, तापी ओलांडली, केळीच्या बागा सरल्या, तरी दोघांचं या वर्षीच्या कापसावर एकमत झालं नव्हतं. रूपाबाई मागं खिडकीशी बसून डोंगर जवळ येताना पाहत होत्या. मिठाची आठवण कोणालाच राहिली नाही.

अभयारण्याच्या फाटकाशी गाइड उभा होता. धनसिंग त्याचं नाव. उंचापुरा, मिशीवाला, वर्गात शिरणाऱ्या हेडमास्तरासारखा चेहरा. सोबत एक वनरक्षक होता. नाशिककडचं एक जोडपंही आलेलं होतं. धनसिंगनं सगळ्यांना ओळीत उभं केलं. "आत बोलायचं नाही. फोन बंद. खायचं काही न्यायचं नाही."

"बोलायचं नाही म्हणजे, हळू बोललं तर चालतं का?" पितांबरभाऊंनी विचारलं.

"नाही."

"आणि काही विचारायचं असलं तर?"

"परत आल्यावर विचारा."

धनसिंगची नजर फडक्यातल्या पातेल्यावर गेली. पितांबरभाऊंनी ते छातीशी धरलं. "भरीत आहे," ते म्हणाले, आणि एवढं सांगितलं की महाराष्ट्रातलं कुठलंही फाटक उघडतं अशी त्यांची समजूत होती. धनसिंगनं पातेलं घेतलं, फाटकालगतच्या चौकीत ठेवलं आणि कडी लावली.

फेरी सुरू झाली. पायवाटेवर सागाची वाळली पानं पडलेली होती. रूपाबाई त्यांवरून अशा चालत होत्या की आवाज होत नव्हता. पितांबरभाऊंच्या पायाखाली मात्र पापड मोडत होते. पण तोंडातून त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यासाठी त्यांना दोनदा रुमाल चावावा लागला, तरी नाही.

थोडंच पुढे गेले असतील, तोच झाडावरून एक वानर खाली उतरलं आणि पितांबरभाऊंच्या मागे चालू लागलं. मग दुसरं आलं. मग एक मादी पिल्लाला पोटाशी धरून आली. नाशिकच्या पाहुण्यांना सोडून सगळी वानरं एकट्या पितांबरभाऊंकडे पाहत होती, जणू ते तालुक्याला निवडून आलेले होते. एक वानर झाडावर बसून खाकरल्यासारखं ओरडलं आणि पुढच्या झाडीतून पाखरांचा थवा भर्रकन उडून गेला.

धनसिंग थांबला. तो पितांबरभाऊंच्या जवळ आला, जाकिटापाशी नाक नेलं आणि गंभीरपणे मागं सरला. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "पातेलं चौकीत ठेवलं, पण भरीत तुमच्या अंगावरच आहे."

"जाकीट काढतो ना," पितांबरभाऊ कुजबुजले. त्यांनी जाकीट काढलं. धनसिंगनं शर्टाचा वास घेतला, मग डोक्याचा घेतला. केसांतही तुरीचा धूर होता.

"पुढं अस्वलाचा वावर आहे. तुम्हाला नेता येणार नाही." त्यानं शेवटी चालणाऱ्या वनरक्षकाला खूण केली. "साहेबांना फाटकापर्यंत सोड."

पितांबरभाऊंचा चेहरा पडला. पण ते समजूतदार माणूस होते. त्यांनी रूपाबाईंकडे वळून नेहमीसारखी मान हलवली, चल, अशी. लग्नापासून ही मान हलली की रूपाबाई निघत. लग्नाच्या पंगतीतून, माहेराहून, जत्रेतून, अर्ध्या गप्पांतून उठून निघत. पितांबरभाऊ वळून चालूही लागले होते.

मागं पावलं वाजली नाहीत. रूपाबाईंची पावलं तशीही वाजत नव्हती, म्हणून त्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी मागं पाहिलं. रूपाबाई होत्या तिथंच उभ्या होत्या.

"तुम्ही बसा फाटकजोडे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी जाई येस."

आणि त्या धनसिंगच्या मागं निघाल्यासुद्धा. झाडीत त्यांच्या लुगड्याची किनार थोडा वेळ दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. पितांबरभाऊ वाटेत तसेच उभे राहिले. त्यांना राग आला नाही. वाईट वाटलं, आणि ते कशाचं वाटलं हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

फाटकाबाहेर दगडी ओटा होता. वनरक्षकानं चौकीतून काढून दिलेलं पातेलं मांडीवर घेऊन पितांबरभाऊ तिथं बसले. वानरंही त्यांच्यासोबत परत आली होती. ती चौकीच्या पत्र्यावर रांगेनं बसली. खाजाभाई गाडीत झोपले होते. बोलायला कोणी नव्हतं. पितांबरभाऊंना तहान लागली आणि त्यांनी सवयीनं विचारलं, "पाणी कोठे शे?" पत्र्यावरच्या वानरांनी माना वळवून पाहिलं. उत्तर द्यायला कोणीच नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच शोधलं. माठ त्यांच्या पाठीमागेच होता.

ऊन चढत गेलं. पितांबरभाऊंना भूक लागली, पण त्यांनी झाकण उघडलं नाही. हे भरीत रूपासाठी होतं. ती आल्यावर दोघांनी बसून खायचं. तिनं पहिला घास घ्यायचा आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहायचं. फेरी फुकट गेली होती, अट मोडली नव्हती, आता भरीत तेवढं राहिलं होतं. उखर्डूनानांच्या घरून मागून आणलेल्या भाकरी गाडीत वाळत चालल्या होत्या. बायको हसली नाही तर यापुढं काय करायचं, हा विचार त्यांनी वानरांकडे पाहत पाहत बराच वेळ केला.

मग ती माणसं आली. पुढं धनसिंग, मागं नाशिकचं जोडपं आणि सगळ्यांत मागं रूपाबाई. त्या हळूहळू चालत होत्या. केसांत कसलंसं वाळकं पान अडकलं होतं. पितांबरभाऊ उठले. पातेलं ओट्यावर ठेवून फडकं सोडलं. विचारायचं तर किती होतं. काय पाहिलं, पाय दुखले का, अस्वल दिसलं का, माझी आठवण आली का. त्यांनी तोंड उघडलं आणि रूपाबाईंचा चेहरा पाहून मिटलं.

रूपाबाई जवळ आल्या आणि आपणहून बोलल्या. "रानपिंगळा दखा. दिनना. सागना फांदीवर बठेल व्हता." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मन्हाकडे दखी ऱ्हायना व्हता. काही मांगत नव्हता."

पितांबरभाऊ नुसते उभे राहून बायकोचं ऐकत होते. वडिलांच्या मागं रानात जायची ती, तेव्हा असंच एक छोटं घुबड दिसलं होतं, तेव्हा वडिलांनी खांद्यावर घेतलं होतं, असं ती सांगत राहिली. इतकं ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती, आणि इतका वेळ पितांबरभाऊ जन्मात गप्प बसले नव्हते.

पत्र्यावरच्या मोठ्या वानराला हीच संधी हवी होती.

झाकण खणकन पडलं. पितांबरभाऊ वळले तेव्हा वानर पातेलं बगलेत मारून चौकीवर चढलं होतं. त्यानं भरताचा मोठा गोळा काढून तोंडात घातला. क्षणभर चावला. मग त्यानं पितांबरभाऊंकडे पाहिलं, अत्यंत दुःखानं पाहिलं, आणि तो घास जसाच्या तसा बाहेर काढून पत्र्यावर ठेवला. पाठोपाठ पातेलंही खाली फेकून दिलं. ते पितांबरभाऊंच्या पायाशी येऊन पालथं पडलं.

रूपाबाईंनी वाकून पातेल्याच्या काठाला राहिलेलं भरीत बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. "मीठ टाकं नही का तुम्हीन?"

"तूनच सांगं व्हतं," पितांबरभाऊ कसेबसे म्हणाले, "काही इचारानं नही."

रूपाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी गेला. खांदे हलू लागले. त्या हसल्या, आधी बिनआवाज, आणि मग चक्क आवाज करून. ओट्याचा आधार घेऊन बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पितांबरभाऊंच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसण्याचं नव्हतं. धनसिंग तेवढा हसला नाही. जनावरांना खाऊ घालणं इथं मना आहे, सांडलेलं सगळं वेचून न्या, असं त्यानं बजावलं. पितांबरभाऊंनी गुडघ्यांवर बसून मातीतून वांगं वेचलं, आणि ते इतक्या आनंदानं वेचलं की नाशिकच्या बाईंनी त्यांचा फोटो काढला.

पुढच्या रविवारी पुनमचा फोन आला तेव्हा रूपाबाईंनीच तो उचलला आणि पुढच्या महिन्याची फेरी सांगितली. पितांबरभाऊ जाकिटाला ऊन दाखवत होते, ते लगबगीनं आत आले. जाकीट धुतलंय, या खेपेला भरीत नाही, असं त्यांना सांगायचं होतं. तेवढ्यात कानावर पडलं, "एकच सीट."

"एकच?" ते म्हणाले.

"हां. मी येस तवलगून," रूपाबाई फोनवर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मीठ कोठे शे, ते शोधी ठेवा."

त्या गेल्या त्या दिवशी पितांबरभाऊंनी अख्खं स्वयंपाकघर खाली काढलं. माळा पाहिला, फडताळं पाहिली, देवघराखालचा कप्पासुद्धा पाहिला. दुपारी घामानं डबडबून ते ओट्याशी टेकले, चेहरा पुसायला चष्मा काढला, तो नेहमीसारखा कडेच्या बरणीवर ठेवला, आणि मग थबकून तो पुन्हा उचलला, बरणीचं झाकण उघडलं. आत काठोकाठ मीठ होतं.