डावखुरी मोटर

मोटर बसवावी तर मीच! हे मी म्हणत नाही, अख्खं पनवेल म्हणायचं. आता तुम्ही लगेच पनवेलला जाऊन कुणाला विचारू नका, लोकांच्या आठवणीचा काही भरवसा नसतो. पण परळच्या एका कापडगिरणीत मी वीजखात्यात होतो, आणि तिथली प्रत्येक मोटर मी नुसत्या आवाजावरून ओळखायचो. 'घूं' ऐकलं की सांगायचो, हिचं बेअरिंग गेलंय, हिला ग्रीस पाहिजे, आणि हिच्या फोरमनचं सकाळी बायकोशी वाजलंय!

नवे पैसे नुकतेच चलनात आले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. पनवेलला बंदराच्या वाटेवर काशिराममामांची भात भरडायची गिरणी होती. मामा कोन गावचे, आम्ही सुकापूरचे, दोघेही आगरी. त्यांची मुलगी वेणू मला पसंत होती. वेणूला मी पसंत होतो. मामांना मात्र मी मुळीच पसंत नव्हतो! विजेवर पोट भरणारा माणूस म्हणजे वाऱ्यावर पोट भरणारा, असं त्यांचं मत. त्यांच्या मनात रोडपालीचा एक मिठागरवाला होता. त्याच्याकडे मीठ होतं, बैल होते, आणि तोंड उघडायची सवय नव्हती. मामांना जावई असाच हवा होता.

मग मी बेत केला.

"मामा," मी म्हटलं, "ते डिझेलचं इंजिन काढा! त्याच्या धुरानं तांदूळसुद्धा खोकतात. मी विजेची मोटर बसवतो. दांडा ओढला की गिरणी चालू. पुढं नुसतं बसून पान खायचं!"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "बसव. पन ऐक. लग्नाचं मानाचं भात तुज्याच मोटरवर भरडू. दाना अखंड निघाला तर वेणू तुजी. कणी निघाली तर तू तुज्या वाटंनं, आमी रोडपालीच्या."

मानाचं भात म्हणजे मुलीच्या घरच्या शेतातलं पाटीभर भात. हळदकुंकू लावून ते सगळ्यांच्या आधी भरडायचं आणि त्याच तांदळाच्या अक्षता करायच्या. अक्षता अखंड हव्यात! तुटका दाणा डोक्यावर पडला तर संसारही तुटका, असं आमच्याकडे मानतात. मी म्हटलं, एवढंच ना? भात भरडणं म्हणजे काय मोठं विमान उडवणं आहे!

जुनं इंजिन मागच्या अंगणात, भिंतीपलीकडे होतं. त्याचं चाक कुणाच्या नजरेला पडत नसे. मी म्हटलं, इतकी देखणी मोटर मागे कशाला लपवायची? दाराच्या अगदी समोर बसवली! आल्यागेल्यानं बघावं, विचारावं, "ही कुणी बसवली हो?" भात भरडायच्या यंत्राच्या चाकावर एक गंजका पत्रा होता, तोही काढून टाकला. मोटरचं चाक, यंत्राचं चाक आणि मधला नवा कोरा पट्टा, सगळं दारातून एका नजरेत दिसायला लागलं.

शिवाय भिंतीवर स्टार्टरची पेटी ठोकली. लोखंडी पेटी, आत तेल, बाहेर दांडा. गिरणी चालवणाऱ्या काळूरामला मी समजावलं, "काळूदादा, दांडा आधी मागं ओढायचा. मोटर हळूहळू वेग धरते. मग झटक्यात पुढं टाकायचा. आणि भार जास्त झाला तर दांडा आपोआप खाली पडतो, मोटर बंद! या पेटीला माझ्याइतकी अक्कल आहे."

"मंग कसं व्हायचं!" काळूराम म्हणाला. इंजिन गेल्यापासून त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

मानाचं भात आलं. पाटी होती होणाऱ्या सासूबाईंच्या, हौसामामींच्या डोक्यावर. वेणू पदर तोंडात धरून पोत्यांच्या थप्पीमागे लपली, कारण लग्नाआधी नवऱ्यासमोर यायचं नसतं. आणि सगळ्यांच्या पुढे होती गुणाबाय, आमची धवलारीण! लग्नात धवळे गाणारी, विधी सांगणारी, आणि मनात आणलं तर लग्न मोडणारीसुद्धा. आमच्याकडे भटजी चुकला तर चालतं, धवलारणीपुढं कुणाचं काही चालत नाही. गुणाबाय दारासमोर फतकल मारून बसली.

मी शर्टाच्या बाह्या सारल्या. पोत्यांकडे एक नजर टाकली. दांडा मागं, मोटर घूं... दांडा पुढं, पट्टा सळसळला, नरसाळ्यात मूठभर मानाचं भात पडलं आणि खालून तांदूळ! पांढरेशुभ्र! जुईच्या कळ्याच जणू! मामांच्या मिशीचं एक टोक वर जाऊ लागलं.

"बंद कर!" गुणाबाय ओरडली. "बंद कर रं मेल्या!"

मी दांडा पाडला. "काय झालं?"

"चाक डावं फिरतंय!"

"मग?"

"मंग काय? देवाला परदक्षिना उजवी घालतात का डावी? जातं कसं फिरवतात? हे चाक डावी घालतंय. मयताला घालतात तशी! असल्या चाकावरचं भात मी मांडवात येऊ देनार नाय!"

"अहो गुणाबाय, मोटर आहे ती! तिला काय कळतं?"

"तिला कळत नाय, तुला तरी कळतं का?"

पोत्यांमागून खुदकन हसू आलं. माझे कान तापले. मामांची मिशी पुन्हा खाली. "कमळाकर," ते गंभीरपणे म्हणाले, "इंजिन असं कदी करत नव्हतं."

करत होतं हो! तेही डावंच फिरत होतं, फक्त भिंतीपलीकडे! पण हे कोण ऐकणार? त्यात वेणू बघत होती. मी छाती काढून म्हटलं, "एवढंच ना? मोटरला तीन तारा असतात. त्यातल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. हा माझ्या डाव्या हातचा मळ!"

"डाव्या नको," गुणाबाय म्हणाली, "उजव्या हातानं कर."

मी मेन बंद केला, तारा बदलल्या. मोटर फिरली, सुंदर, उजवी! गुणाबायचा चेहरा खुलला. तिनं धवळा सुरू केला, आणि हौसामामीला म्हणाली, "हौसे, हळकुंड आन. जात्याला बांधतात, मुसळाला बांधतात, मंग हिला नको व्हय?"

आणि हळकुंड, आंब्याची पानं आणि पिवळा धागा घेऊन तिनं ते सगळं कुठं बांधावं? स्टार्टरच्या दांड्याला! दांडा आणि भिंतीतली खुंटी एकत्र धरून, गाठीवर गाठ. धवलारणीची गाठ ती, नवरा-बायकोची सुटेल, ती सुटायची नाही. मी भाताच्या नादात होतो, मला ते दिसलंच नाही.

आता यंत्राचं असं असतं, की त्याचे दात एकाच दिशेचे असतात. मोटर उलटी झाली म्हणजे यंत्रही उलटं झालं. वरून भात ओतलं, ते आत गेलं, आत काय आहे ते बघितलं आणि परत आलं! काय होतंय म्हणून मामा नरसाळ्यात डोकावले होते. भाताचा असा फवारा उडाला, की मामांच्या मिशीत, कानांत, सदऱ्याच्या खिशात भातच भात!

"अरे, हे बाहेर येतंय!" मामा ओरडले.

"दाबा वरून, मामा!" मी ओरडलो. आता कबूल करतो, हा सल्ला काही फार शास्त्रीय नव्हता.

मामांनी दोन्ही हातांनी दाबलं. यंत्र तुंबलं, मोटर म्हशीसारखी कण्हायला लागली. मी निर्धास्त! भार वाढलाय, म्हणजे दांडा आत्ता पडेल. वाट बघितली. दांडा पडेना. वास सुटला, धूर आला, तरी दांडा पडेना! वळून बघतो तर दांड्याला मुंडावळ्या बांधल्यासारखी पानं, आणि दांडा आतून गदागदा हलतोय, बिचाऱ्याला पडायचंय आणि कुणी पडू देत नाहीये!

"गाठ सोडा! गाठ सोडा!"

"मानाची गाठ सोडत नसतात!" गुणाबाय कडाडली.

तेवढ्यात पट्टा सुटला. फटाक! तो नागासारखा उसळला, मामांचं मुंडासं उचललं आणि आढ्याला नेऊन लटकावलं. फ्यूज उडाला. मोटर बंद पडली. कोंडा सावकाश खाली बसत होता.

काळूराम शांतपणे म्हणाला, "इंजिन कदी मुंडासं नेत नव्हतं."

मामा रडवेले झाले होते. खरं सांगतो, मलाही रडू येत होतं. रोडपालीचा मिठागरवाला डोळ्यांसमोर दिसायला लागला, बैलगाडीतून वरात घेऊन येताना. पोत्यांमागून हलक्या आवाजात वेणू म्हणाली, "अवो, कायतरी करा ना." त्या 'अवो'नं माझ्या अंगात हत्तीचं बळ आलं!

"मामा, शेवटचा उपाय! पट्ट्याला फुली घालतो. पट्टा असा आडवातिडवा घातला की मोटर उजवी राहते आणि यंत्र पूर्वीसारखं फिरतं. गुणाबायचं पण खरं, भाताचं पण खरं!"

फ्यूज बांधला, पट्ट्याला फुली घातली, गुणाबायला हात जोडून हळकुंड गाठीसकट पेटीच्या वरच्या खिळ्याला हलवलं. सांडलेलं मानाचं भात हौसामामीनं गोळा करून पुन्हा नरसाळ्यात टाकलं. मोटर उजवी, तांदूळ खाली! मी विजयी मुद्रेनं गुणाबायकडे बघितलं. ती मोटरकडे बघत नव्हती. ती यंत्राच्या चाकाकडे बघत होती. तेच चाक, ज्याच्यावरचा पत्रा मीच काढला होता!

"हे डावं," ती म्हणाली. "मोटर उजवी आनि हे डावं. एक चाक मांडवाला निगालंय, एक मसनाला! काशिरामा, हे लगीन नाय होनार."

मामांनी आढ्यावरच्या मुंडाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काळूराम, रोडपालीला जाऊन ये."

बस्स! माझं डोकं फिरलं, तेही कुठल्या दिशेनं ते बघायला मला वेळ नव्हता! "जा, जा रोडपालीला!" मी ओरडलो. "ही मोटर जशी पहिली होती तशी करून देतो, आणि चाललो मुंबईला! वेणू सोडून माझं इथं काही नाही! तिच्यावर जीव आहे म्हणून एवढं ऐकून घेतलं, नाहीतर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही!" मामा तिचे बापच होते, पण तेव्हा ते ध्यानात आलं नाही. काळूराम दारात थबकला, कारण तमाशा सोडून जाववेना.

मी तारा पहिल्यासारख्या केल्या. पट्ट्याची फुली काढली. इतक्या जोरात आपटधोपट केली, की साठलेला सगळा कोंडा उडाला आणि गुणाबायच्या नाकात गेला. शिंका! एकामागून एक अशा शिंका, की बसल्या जागी उडू लागली. हौसामामीनं तिला धरून कोंड्यापासून लांब, यंत्राच्या पलीकडच्या बाजूला नेऊन पोत्यावर बसवलं. मी रागारागानं दांडा ओढला. मोटर चालू झाली, अगदी पहिल्यांदा होती तशी.

गुणाबायनं पदरानं नाक पुसलं. डोळे पुसले. आणि मोटरकडे बघितलं. मग यंत्राकडे बघितलं.

"आता कसं!" ती म्हणाली. "दोनी चाकं उजवी! बघ, जमलं का नाय? मगाशीच नीट केलं असतंस तर काय बिगडलं असतं?"

पलीकडून बघितलं की डावं चाक उजवं दिसणारच! मी सांगायला तोंड उघडलं. पोत्यांमागून वेणूचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, की आता एक अक्षर बोललात तर माझ्याशी गाठ आहे. मी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा! मामा खूश झाले. तोंड मिटलेला जावई त्यांना पहिल्यांदाच दिसला होता.

"लगीन पक्कं!" ते म्हणाले, आणि मानाचे तांदूळ ओंजळीत घेतले.

ओंजळीकडे बघून त्यांचा चेहरा पडला. आत गेलेले, परत आलेले, दाबलेले, पुन्हा भरडलेले ते तांदूळ! एक दाणा अखंड असेल तर शपथ! नुसती कणी. लापशी करावी अशी कणी.

मी डोळे मिटून घेतले. हौसामामीनं कपाळावर हात मारला. पण गुणाबायनं एव्हाना दोन्ही चाकं उजवी बघितली होती, आणि एकदा लग्नाला हो म्हटल्यावर ती मामांच्या बापालाही मागं फिरू देणारी नव्हती.

"पोराचा दोस नाय," ती म्हणाली, "यंत्राचा हाय. कोनहून दुसरी पाटी आना. मानाचं भात हातानंच कांडायचं. आनि ज्यानं मोडलं, त्यानंच कांडायचं."

तेव्हा परळच्या गिरणीतला मोटरींचा उस्ताद, तुमचा हा कमळाकर, आपल्याच मोटरीसमोर, आल्यागेल्याच्या देखत, उखळापुढं बसून आपल्याच लग्नाचं भात कांडायला लागला! हाताला फोड आले. येणारा-जाणारा विचारायचा, "ही मोटर कुणी बसवली हो?" आणि काळूराम मायेनं माझ्याकडे बोट दाखवायचा. पण मी खूश होतो. वेणू मिळणार होती, आणि दाणा अखंड निघत होता. शिवाय मुसळाला उजवं नाही, डावं नाही, नुसतं वर आणि खाली. त्यात खोट काढून काढणार कोण?

गुणाबाय आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरे मेल्या," ती म्हणाली, "दक्षिणेकडं तोंड करून कुनी कांडतं का?"

मी मुकाट्यानं उठलो आणि उखळाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो. लग्न करायचं होतं ना मला!