काही बदललेले नाही

भामरेकाका अर्धवट वाचलेल्या पेपरवरसुद्धा लाल पुठ्ठा ठेवायचे. 'वाचन चालू आहे. हात लावू नये.' खाली सही आणि वेळ. मिक्सर उघडला की बटणावर पुठ्ठा, नळ दुरुस्तीला घेतला की टाकीच्या कॉकवर पुठ्ठा. एकदा दाढी अर्ध्यावर असताना फोन वाजला, तर पुठ्ठा आरशाला अडकवून फेसासकट बोलायला गेले. घरात ते एकटेच राहत. हात लावणार कोण, हे विचारायची सोय नव्हती.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी बॉयलरवर तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकले आणि इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतली सगळी आजारी यंत्रं फुकट बरी करू लागले. अट एकच. आपण काय केलं, ते आधी त्यांच्या वहीत लिहून द्यायचं.

"लिहा भाऊ, काही पण लिहा. मी रागावत नाही."

दोन हजार एक-दोन सालची गोष्ट. माझी बायको पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळांवर एम.एड.चा प्रबंध लिहीत होती. दोन वर्षं एसटीनं हिंडून जमवलेलं सगळं आमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, आणि फक्त तिथेच होतं. सोमवारी द्यायचा होता. शनिवारी मी एका मासिकात वाचलं, की मशीन सुरू होताना एक निळा पडदा उघडता येतो, आणि तिथल्या नको त्या गोष्टी बंद केल्या की कॉम्प्युटर पळतो. जे आपल्याला कळत नाही ते नकोच असणार, या माझ्या जुन्या न्यायानं मी तीन-चार ओळी बंद केल्या. कॉम्प्युटर पळाला नाही, बसला. डिस्क सापडत नाही, म्हणाला.

"काय व्हयनं भाऊ?" बोलावल्यावर घरी आलेल्या काकांनी सटाण्याकडच्या बोलीत विचारलं आणि वही पुढे केली.

"आपोआप झालं हो."

"काही बदललंत?"

"छे!"

बायको स्वयंपाकघरात होती. तिच्या कानावर जाईल म्हणून मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'काही बदललेले नाही', आणि बँकेत करतो तशी वळणदार सही ठोकली.

काकांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. केबल बदलल्या, पिना पुसल्या, घरून दुसरी वायर आणली. तास गेला. मी हळूच म्हटलं, "एकदा तो निळा पडदा बघायचा का? सहज आपलं."

"कशाला? तुम्ही लिहून दिलंय ना! सहीवर विश्वास नाही ठेवायचा, तर माणसानं काम कसं करायचं?"

शेवटी त्यांनी चष्मा काढला. "डिस्क गेली. आतलं काही मिळायचं नाही. ताईंना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

आतून पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. "काका, मी... निळ्या पडद्यावर... थोडं बंद केलं होतं."

काका निळ्या पडद्यावर गेले, डिस्कची ओळ पुन्हा चालू केली. मशीन गुरगुरलं आणि प्रबंध जसाच्या तसा समोर आला. आता तोफ सुटणार म्हणून मी मान खाली घातली.

"रागवा काका. एकदा रागवाच."

"नाही भाऊ." ते स्क्रू लावत राहिले. "कामावर फार ओरडायचो मी. सगळी पोरं टरकून असायची. एकदा एकाला विचारलं, वाफेचा वॉल्व्ह बंद केला का? विसरला होता. पण माझ्या भीतीनं म्हणाला, केला. आणि स्वतःच पाइप उघडायला गेला. दोन्ही हात भाजले."

"आता कुठे असतो?"

"नांदगावला. दर दिवाळीला जातो मी. चांगला आहे, दुकान टाकलंय, नातू झाला." शेवटचा स्क्रू बसला तरी ते तो पिळतच होते. "पण स्वतःच्या घरात तो, भाऊ, मी 'बस' म्हटल्याशिवाय अजून बसत नाही."