ओट्यावर पाय ठेवलेली गाय

आमच्या शेजारच्या गणपाअप्पांच्या अंगणात पाऊल टाकायचं, तर आधी पदर झाडावा लागायचा. अहो, खरंच! बाई असो की तलाठी, अप्पा दारातच हात आडवा धरायचे. "झाडा आधी! खिळा, टाचणी, सुई, काय असंल ते भाईर ठिवा." तलाठ्यानं एकदा खिसे उलटे करून दाखवले, तेव्हा कुठं त्याला चहा मिळाला. गाईला कडबा घालतानाही अप्पा धाट न् धाट बोटांनी चाचपायचे. "गाय चावून बघत न्हाय, गिळती. मग आपुनच बघायचं," म्हणायचे.

घरात माणूस एकटाच. तो आणि त्याची कपिला गाय. भूमजवळच्या त्या गावात मी नवी सून होऊन आले, तेव्हा मला तर हसूच यायचं.

लई विनवण्या केल्यावर त्याच अंगणात आम्ही चौघी गोधडी शिवायला बसलो. अन् माझ्याच हातची सुई हरवली! सासूच्या धाकानं मी तोंड उघडलं नाही.

आठवड्याभरात कपिलेनं चारा सोडला. पाठ वाकवून उभी राहायची, उतरणीला पाय टाकला की कण्हायची. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "पोटात टोकदार काहीतरी रुतलंय. पुढचे पाय उंचावर ठेवा, काळजाकडं सरकायला नको. जगली तर नशीब तुमचं."

झालं! अप्पांनी तिचे पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर चढवले. दिवसचे दिवस ती बया घरात शिरणाऱ्या पाहुणीसारखी उभी, अन् अप्पा खाली मातीत बसून भाकरी खायचे. सगळं गाव बघायला लोटलं. कुणी हसलं की अप्पा म्हणायचे, "हसा, पण खिसे झाडून हसा."

मला मात्र आता हसू येईना. गाय मेली तर पाप माझंच. त्यात एक दिवस माझी सासू चारचौघांत गरजली, "गोधडीवालीचीच सुई असणार. कुणाची ते कळलंच पायजे!"

"माझी," अप्पा म्हणाले. "धोतर शिवत व्हतो."

तिसऱ्या आठवड्यात कपिलेनं कडब्याला तोंड लावलं. मी रडतच अप्पांकडं गेले अन् सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय, पोरी. तुझ्याच बाजूची शिवण अर्धी राह्यली व्हती."

"मग विचारलं का नाही तुम्ही?"

अप्पा कपिलेची मान खाजवू लागले.

"एकदा विचारलं व्हतं म्या. सुई गिळून बैल मेला तवा, चार लोकांत, बायकोला. लई बोललो. ती म्हायेरी गेली, ती आलीच न्हाय. बैलाचं दुख सरलं गं. तिचं त्या दिशीचं तोंड डोळ्यापुढनं हलत न्हाय."