शेडमधला पहिला खेळ

‘आत टाचणी पडली तर बाहेर कळणार नाही, आणि बाहेर आभाळ कोसळलं तर आत कळणार नाही. असं थिएटर करीन की बघत राहाल,’ असं ऑपरेटर छातीठोकपणे सांगायचा. आणि खोटं कशाला बोलायचं, त्याने ते केलंही. पुढे जी फजिती झाली ती काम कच्चं राहिलं म्हणून झाली नाही. काम फार पक्कं झालं म्हणून झाली.

ऑपरेटर म्हणजे चौतीस वर्षं एकाच सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवलेला माणूस. त्याला नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. शेजारपाजार, वाणी, सासरची माणसं, सगळ्यांसाठी तो ऑपरेटरच. सिनेमागृह बंद झालं तेव्हा मालकाने विचारलं, ‘आठवण म्हणून काय हवं तुम्हाला?’ हा पठ्ठ्या म्हणाला, ‘खुर्च्या द्या. दोन. जोडीच्या.’

दोनच का, त्याला कारण होतं. चौतीस वर्षं त्याची बायको जमेल तेव्हा पासावर पिक्चर बघायला जायची आणि एकटी बसायची. नवरा त्याच इमारतीत, तिच्याच डोक्यावर, पण भिंतीपलीकडे. तिच्या शेजारच्या खुर्चीत कोण कोण बसून गेलं म्हणून सांगू? घोरणारे बसले, दाणे खाणारे बसले, आणि एक बाई तर शेवटच्या प्रसंगाला हिच्या रुमालाने डोळे पुसून रुमालासकट निघून गेली. म्हणून नवरा निवृत्त झाला त्या दिवशी बायकोने एकच मागणं मागितलं.

‘मला दागिना नको, सहल नको. एक पिक्चर माझ्या शेजारी बसून बघा. नावांच्या पाट्यांपासून शेवटपर्यंत. मध्ये उठायचं नाही.’

‘एवढंच ना?’ ऑपरेटर म्हणाला. ‘त्यासाठी थिएटरच बांधतो.’

दुसरा एखादा नवरा तिकिटं काढून मोकळा झाला असता. पण या माणसाला दुसऱ्याच्या थिएटरात बसवत नव्हतं. चित्र जरा कुठे अंधुक दिसलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा आणि तो ताडकन उठून केबिन शोधत जायचा. तेव्हा थिएटर स्वतःचंच हवं.

घरामागे एक शेड होती. तिच्यात मोडक्या सायकली, रंगाचे वाळलेले डबे आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली सगळ्या खानदानाची अडगळ. ऑपरेटरने ती एकट्याने उपसली. मग आतून दुसरी भिंत उभी केली आणि दोन भिंतींमधल्या पोकळीत कापूस भरायला घेतला. त्यासाठी नातेवाइकांच्या घरोघरी जाऊन जुन्या गाद्या गोळा केल्या. काही गाद्यांवर माणसं झोपत होती, पण त्याच्या उत्साहापुढे कुणाचं काही चाललं नाही. वरून लाकडी पट्ट्या, त्यांवर जाड कापड. पडद्याची भिंत त्याने सात वेळा घासून सात वेळा रंगवली. खरं सांगतो, तिच्यावर हात फिरवला तर हाताला लाज वाटावी इतकी ती गुळगुळीत होती. या कामात दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत मी त्याला एकदाही ‘चालतंय की’ म्हणताना ऐकलं नाही.

आवाज बाहेर जातो का हे बघायला त्याने बायकोला आत उभं केलं. ‘दार लावतो. तू जिवाच्या आकांताने ओरड.’ बायको पाच मिनिटं ओरडली. बाहेर आली ती चेहरा अगदी प्रसन्न, एकदम हलकी झाल्यासारखी.

‘काही म्हणजे काही ऐकू आलं नाही,’ ऑपरेटर खूश होऊन म्हणाला. ‘काय ओरडत होतीस?’

‘ऐकू आलं नाही ना? मग झालं तर,’ बायको म्हणाली.

शेवटी त्याने केबिन बांधायला घेतली, आणि तिथे मेहुण्याने तोंड घातलं. हा बायकोचा धाकटा भाऊ. सल्ला द्यायला कायम तयार, हातोडी धरायला कधीच नाही.

‘दाजी, आता प्रोजेक्टर जेवणाच्या डब्याएवढा येतो. छताला टांगायचा, रिमोट दाबायचा. केबिन कशाला हवी?’

‘केबिन नसेल तर ते थिएटर नव्हे. ती टीव्हीची खोली.’

‘अहो, पण मग तुम्ही बसणार कुठे?’ बायकोने विचारलं.

‘तुझ्या शेजारी. आत जायचं, पिक्चर सुरू करायचा, दार लावून बाहेर यायचं. मोजून एक मिनिट.’

केबिन झाली. एक स्टूल, एक प्रोजेक्टर आणि एक ऑपरेटर मावेल एवढी. तिच्याही भिंतींत आणि दारात कापूस ठासलेला, समोर हातभर झरोका, त्याला दोन जाड काचा. दार मात्र बाहेरच्या बाजूला उघडणारं. आग लागली तर माणसाला दार ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे, असा केबिनचा नियम आहे, आणि ऑपरेटरने आयुष्यात नियम मोडला नव्हता.

एका रविवारी दुपारी पहिला खेळ ठरला. पिक्चर कुठला, तर त्यांच्या सिनेमागृहात पंचवीस आठवडे चाललेला. लहानपणी ताटातूट झालेले दोन भाऊ, रडणारी आई, सात गाणी. दारात टोपली ठेवली होती. सगळ्यांनी मोबाइल तिच्यात टाकून मगच आत यायचं, हा ऑपरेटरचा हुकूम. सगळ्यात आधी स्वतःचा मोबाइल त्याने टाकला.

समोर मधोमध त्या दोन जोडीच्या खुर्च्या. मागे शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घरातल्या खुर्च्या, आणि सगळ्यात मागे, केबिनच्या दारापासून जरा अंतर सोडून, एक दणदणीत सोफा. त्यावर मेहुणा सहकुटुंब. चौघं जण, आणि चौघंही खात्यापित्या घरचे.

ऑपरेटर ताठ मानेने केबिनमध्ये गेला. दार लावून घेतलं. दिवे मंद झाले, पडद्यावर पाट्या उमटल्या, आणि सगळ्यांच्या तोंडून ‘वा’ निघालं. त्याच वेळी मेहुण्याला पाय लांब करावेसे वाटले. ‘उठा रे जरा,’ असं म्हणत त्याने सोफा मागे रेटला, तो थेट केबिनच्या दाराला टेकेपर्यंत. मग चौघंही त्यात पुन्हा रुतून बसले.

आत ऑपरेटरने दार ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. पाठ लावली. शेवटी दोन पाय भिंतीला देऊन जोर केला. दार ढिम्म. मग त्याने हाका मारल्या. आधी सभ्यपणे, मग मेहुण्याच्या नात्याला शोभतील अशा. पण टाचणी पडली तर कळणार नाही असं थिएटर बांधणारा माणूस तोच होता. सोफ्यावरच्या चौघांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर तो बोंबलत होता आणि ते आरामात लाह्या खात होते.

झरोक्यातून त्याला बायको दिसत होती. म्हणजे तिचा अंबाडा, आणि शेजारची रिकामी खुर्ची. सिनेमागृहातल्या त्या खुर्च्या तुम्हाला माहीत असतील, माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर मिटते. बायकोने जागा धरायला म्हणून त्यावर पर्स ठेवली. खुर्चीने ती गिळली. तिने पर्स सोडवली आणि मग फळी हातानेच दाबून धरून बसली. एक मिनिट झालं, पाच झाली, पहिलं गाणं संपलं. ती मागे वळून बघत नव्हती. फक्त हात बदलत होती.

चौतीस वर्षांची वाट, दोन वर्षांची मेहनत, आणि अडकला कुठे, तर पुन्हा केबिनमध्येच.

मग त्याला सुचलं. पिक्चर बंद करायचा. अंधार झाला की कुणीतरी उठून बघायला येईलच. त्याने बटण दाबलं. पडदा काळा झाला.

आणि मंडळी आनंदाने वेडी झाली. मेहुण्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ‘अरे ए ऑपरेटर, झोपलास का?’ असा पुकारा झाला, कुणी पाय आपटले. ‘दाजींनी हुबेहूब केलंय हं सगळं, अगदी पूर्वीसारखं,’ मेहुणा स्वतःच्या बायकोला कौतुकाने सांगत होता.

शिट्ट्या त्याला ऐकू येत नव्हत्या, पण उंचावलेले हात आणि नाचणारी डोकी झरोक्यातून दिसत होती. आणि इथे घात झाला. चौतीस वर्षं पडदा काळा झाला, लोक उठले, की या माणसाचा हात विजेसारखा चालायचा. आताही चालला. डोकं म्हणत होतं ‘थांब’, तोवर हाताने पिक्चर सुरू करूनसुद्धा टाकला होता. सगळे टाळ्या वाजवून खाली बसले.

‘गाढवा,’ ऑपरेटर स्वतःच्या हाताला म्हणाला.

दुसरा उपाय म्हणून त्याने प्रकाशाच्या झोतात हात घालून जोरजोरात हलवला. पडद्यावर आई रडत होती. तिच्या डोक्यावर एक अवाढव्य पंजा आला आणि फडफडायला लागला.

‘सावल्यांचा खेळपण ठेवलाय?’ शेजारची दातांची डॉक्टर नुकतीच येऊन दारात उभी होती, ती म्हणाली.

‘दाजी, हरीण करा, हरीण,’ मेहुण्याने फर्माईश केली.

ऑपरेटरने चिडून दोन्ही हात झोतात घातले. योगायोगाने त्याचं हरीण झालं. टाळ्या पडल्या.

डॉक्टर उशिरा आली होती, आणि सगळ्या जागा भरलेल्या. ती वाकून बायकोला म्हणाली, ‘इथे कुणी बसलंय का?’

‘हे येणार आहेत,’ बायको म्हणाली. अर्धा पिक्चर होत आला होता. जरा वेळाने तिने उभ्या असलेल्या डॉक्टरकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि फळीवरून हात काढून घेतला. ‘बसा तुम्ही. ह्यांचं काही खरं नाही.’

काचेमागून ऑपरेटरने तो हात निघताना पाहिला. आजवर पडद्यावर त्याने किती आया रडताना पाहिल्या असतील, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र त्याला गलबलून आलं. त्याने पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसला.

पडदा काळा. माणसं उठली, हात उंचावले, पाय आपटले गेले. ऑपरेटर घामाने निथळत होता. हात मांडीखाली पाखरासारखे फडफडत होते. प्रेक्षक खोळंबलेत आणि आपण बसून राहिलोय, यापेक्षा फास परवडला, असं त्याला वाटत होतं. पण तो उठला नाही. मी तर म्हणतो, त्या माणसाने चौतीस वर्षांत केलेलं सगळ्यात अवघड काम ते.

बाहेर डॉक्टर बसायला खाली वाकली होती. तिचा दंड बायकोने धरला.

‘थांबा. काहीतरी झालंय.’

‘अगं ताई, दाजी गंमत करतायत,’ मेहुणा मागून म्हणाला.

‘गंमत एकदा होते. ह्यांच्या हातून पडदा इतका वेळ काळा राहत नाही. ताप भरला होता तेव्हा राहिला नाही, छत गळत होतं तेव्हा राहिला नाही.’ ती अंधारात चाचपडत मागे आली. तिचा गुडघा सोफ्यावर आपटला. सोफ्यामागे तिने हात घातला, तर दाराची कडी. ‘ऊठ. चौघंही उठा. गाढवांनो, माझा नवरा कोंडलाय तुम्ही.’

सोफा ओढला. दार उघडलं. ऑपरेटर हात मांडीखाली तसेच ठेवून स्टुलावर बसला होता.

‘एक मिनिट म्हणाला होतात,’ बायको म्हणाली.

‘मी बघत होतो. तू हात काढलास तेही बघितलं.’

तिने त्याला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मेहुण्याने कान पकडले. डॉक्टरला सोफ्यावर जागा मिळाली. पिक्चर पुन्हा पहिल्या पाटीपासून सुरू झाला, आणि या खेपेला सुरू करणारा होता रिमोट.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण दिवसाला चार खेळ, पंचवीस आठवडे, एवढ्या वेळा हा पिक्चर पाहिलेला माणूस शेजारी बसला होता. ‘आता बघ हं, तो दारातून येईल,’ ऑपरेटर म्हणाला. तो दारातून आला. ‘आता आई म्हणेल, कोण आहे.’ आई म्हणाली. मग तो आईच्या आधी आईचं बोलायला लागला, मोठ्या भावाआधी मोठ्या भावाचं. गाणं लागलं तेव्हा गायलाही लागला, आणि गळा म्हणाल तर बेताचाच.

‘दाजी, जरा हळू,’ सोफ्यावरून आवाज आला. ‘आम्हाला पिक्चर ऐकू येत नाहीये.’

बायको गर्रकन वळली. ‘ज्याला गुपचूप बघायचा असेल त्याने केबिनमध्ये जाऊन बसावं. आत बाहेरचं काही ऐकू येत नाही.’

ऑपरेटर ओशाळला. ‘मी गप्प बसतो. तुला तर बघायचा होता ना शांतपणे.’

‘मुलं लहान होती तेव्हा मला कुठे यायला मिळायचं?’ बायको म्हणाली. ‘प्रत्येक पिक्चर तुम्हीच मला ताटावर बसून सांगायचात. हासुद्धा. मला तुम्ही सांगितलेलाच माहितीये.’ तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान मागे टेकवली आणि डोळे मिटून घेतले. ‘हं. मग पुढे?’

‘अगं, पडद्याकडे बघ की. सात वेळा रंगवलाय.’

‘दिसतंय मला सगळं. तुम्ही बोला.’ आणि मग जरा थांबून, डोळे न उघडता म्हणाली, ‘गाणी तेवढी त्यांची त्यांना म्हणू द्या.’